जेलीफिशचं हिरवं प्रथिन: जेलवर पट्टा ठळक, पण चमक नाही

कृष्णाकाठ

मंडळी, सांगलीत एम.एस्सी. बायोटेकच्या प्रात्यक्षिकात यंदा जीएफपी (ग्रीन फ्लुओरेसन्ट प्रोटीन, जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रथिन) बसवायचं चाललंय. साहित्य आणि कृती आधीच देतो, म्हणजे उलटतपासणी कमी होईल.

पीईटी प्लाझ्मिडमध्ये (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) ईजीएफपी (जीएफपीचा सुधारित प्रकार), एन-टोकाला सहा हिस्टिडिन (निकेलला चिकटणारा टॅग), कॅनामायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. पेशी ई. कोलाय जिवाणूच्या, बीएल२१(डीई३). २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २०० मिली एलबी माध्यम, तोंडाला फॉइल घट्ट. ३७ अंश, १५० आरपीएम. ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ झाली की १ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारं रसायन), पुढे चार तास. थंड करणारा शेकर नाही, एप्रिलात खोलीच ३७-३८ ला असते. त्यात लोडशेडिंगचे दीड-दोन तास धरा.

एसडीएस-पेजवर (प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणारं जेल) २८ किलोडाल्टनच्या आसपास जाड पट्टा येतो. म्हणजे प्रथिन बनतंय. पण पेलेट (फिरवून तळाला बसवलेल्या पेशी) मळकट पांढरा, आणि ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली नावापुरता हिरवट.

एवढं प्रथिन असून प्रकाश का नाही, हे मुलांना रचनेवरून सांगता येईल असं उत्तर हवंय. "तयार किट घ्या" हे उत्तर माहीत आहे, ते नको.

अजिंक्यतारा

तुमच्या वर्णनात तीन संशयित दिसतात: टॉर्च, हवा आणि तापमान. तिघांनाही रचनेवरूनच पकडता येतं, म्हणून आधी रचना.

जीएफपी म्हणजे २३८ अमिनो आम्लांची साखळी, सुमारे २७ किलोडाल्टन. ११ बीटा पट्ट्या गोल उभ्या राहून बॅरल तयार होतं. उंची ४.२ नॅनोमीटर, व्यास २.४. बॅरलच्या पोटातून एक हेलिक्स (मळसूत्री तुकडा) जाते आणि तिच्यावर ६५, ६६, ६७ या जागी सेरिन, टायरोसिन, ग्लायसिन असतात. ईजीएफपीत ६५ ला थ्रिओनिन आहे. सगळा रंग या तिघांतूनच तयार होतो. बाहेरचं रंगद्रव्य नाही, धातू नाही, जेलीफिशचं खास एन्झाइमही नाही. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी जनुक वेगळं केलं तेव्हा यातली शेवटची गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांच्या गटाने ते जनुक ई. कोलायमध्ये आणि सी. एलेगन्स या कृमीत घातलं, दोन्ही हिरवे चमकले आणि प्रश्न मिटला. बॅरलचा आकार १९९६ मध्ये क्ष-किरण स्फटिकचित्रणातून दिसला.

क्रोमोफोर (रंग देणारा भाग) बनण्याचा क्रम मुलांकडून फळ्यावर काढून घ्या, कारण तुमची अडचण त्यातच आहे:

साखळीची नीट घडी पडून बॅरल बंद झालं की ६५-६७ चा तुकडा आतल्या आत वाकतो. मग ६७ च्या ग्लायसिनचा नायट्रोजन ६५ च्या कार्बोनिल कार्बनला जाऊन भिडतो आणि पाच अणूंचं कडं तयार होतं, त्याला इमिडाझोलिनोन म्हणतात. पाण्याचा एक रेणू सुटतो. या सगळ्यानंतरही रंग नाहीच. रंग येतो ऑक्सिडीकरणाने: हवेतल्या ऑक्सिजनचा एक रेणू खर्च होतो, हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू बाहेर पडतो, आणि टायरोसिनचं कडं दुहेरी बंधाने त्या नव्या कड्याला जोडलं जातं. इलेक्ट्रॉन दोन्ही कड्यांवर पसरतात, म्हणून दृश्य प्रकाश शोषला जातो. ९६ चं आर्जिनिन आणि २२२ चं ग्लुटामेट या कामाला मदत करतात. सगळ्यात मंद पायरी ऑक्सिडीकरणाची.

एसडीएस-पेजला यातलं काहीच कळत नाही. त्याला साखळीची लांबी कळते. घडी न पडलेली साखळी, घडी पडलेली पण ऑक्सिजन न मिळालेली, आणि पूर्ण पिकलेली, तिन्ही उकळल्यावर एकाच पट्ट्यात जाऊन बसतात.

आता तुमचा फ्लास्क. २५० मध्ये २०० मिली आणि वर घट्ट फॉइल, म्हणजे पृष्ठभाग जवळजवळ नाहीच. वाढत्या ई. कोलायला स्वतःच्या श्वसनालाच तो ऑक्सिजन पुरत नाही, क्रोमोफोरच्या वाट्याला काय येणार? २५० च्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच्या वर जाऊ नका. कापसाचा बोळा किंवा सैल फॉइल ठेवा. १८० ते २०० आरपीएम. वीज गेली की पेशी तळाला बसतात आणि काही मिनिटांत खालचा थर ऑक्सिजनविना होतो. इन्व्हर्टर नसेल तर रुंद बुडाच्या फ्लास्कमध्ये २५ मिलीचा उथळ थर ठेवून कुणीतरी दर पाच-सात मिनिटांनी हाताने हलवायचं. दिसायला हास्यास्पद आहे, पण चालतं.

तपासणी सोपी आहे. पेलेटचे दोन भाग करा. एक भाग ५ मिली ट्रिस बफरमध्ये, त्यात क्लोरॅम्फेनिकॉल ३० मायक्रोग्रॅम प्रति मिली घालून (म्हणजे नवं प्रथिन बनणार नाही), उघड्या पेट्री डिशमध्ये पातळ पसरून खोलीत दोन तास ठेवा. दुसरा भाग तितकाच वेळ गच्च भरलेल्या, बंद नळीत. डिशमधला भाग हिरवा झाला आणि नळीतला नाही, तर दोष हवेचा. दोन्ही पांढरेच राहिले तर दोष घडीचा.

तासगावी_बेदाणा

सविस्तर प्रतिसाद आवडला. फक्त टॉर्चचा मुद्दा मागे पडला, तो मी घेतो.

निसर्गातल्या जीएफपीला दोन शोषणशिखरं आहेत, मोठं ३९५ नॅनोमीटरला आणि लहान ४७५ ला. उत्सर्जन ५०८ ला. ३९५ चं शिखर टायरोसिनवर प्रोटॉन असलेल्या रूपाचं, ४७५ चं प्रोटॉन गेलेल्या रूपाचं. ६५ च्या सेरिनचं थ्रिओनिन केलं की तोल पूर्ण दुसऱ्या बाजूला झुकतो: ३९५ चं शिखर जातं आणि ४८८ ला एकच उंच शिखर उरतं. हा बदल रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. ईजीएफपीत तो आहे, शिवाय ६४ चं फेनिलअॅलनिन ल्युसिन केलंय, त्यामुळे ३७ अंशांना घडी बरी पडते.

थोडक्यात, नोटा तपासायचा ३६५ चा टॉर्च ईजीएफपीसाठी चुकीचा आहे. त्या तरंगलांबीला ते फार थोडं शोषतं. तो टॉर्च जीएफपीयूव्हीसारख्या, ३९५ चं शिखर शाबूत ठेवलेल्या प्रकाराला छान चालतो. तुम्हाला हवा ४७० ते ४८५ नॅनोमीटरचा निळा एलईडी आणि डोळ्यांसमोर नारिंगी किंवा गडद पिवळं अॅक्रिलिक, ५०० च्या खालचं अडवणारं. फिल्टर नसेल तर निळ्या झगमगाटात हिरवं बुडून जातं आणि "चमक नाही" असा निष्कर्ष निघतो.

फिल्टर बरा आहे का ते तपासायला सांगलीत वेगळं काही विकत घ्यायला नको. राजापुरी हळदीची चिमूट १० मिली स्पिरिटमध्ये, गाळून, परीक्षानळीत. कर्क्युमिन ४२५ च्या आसपास शोषतं, पण त्याचा पट्टा रुंद असतो, निळा एलईडी चालून जातो. फिल्टरमधून हिरवट-पिवळी चमक दिसली पाहिजे. शेजारी नुसत्या स्पिरिटची नळी, ती काळी दिसली पाहिजे. ती निळी दिसत असेल तर फिल्टर बदला.

मिरज_जंक्शन

ट्रान्सइल्युमिनेटर (खालून अतिनील प्रकाश देणारी पेटी) आहे ना कॉलेजात? ३१२ नॅनोमीटरचा. त्यावर धरा की प्लेट, ईजीएफपीही दिसतं.

तासगावी_बेदाणा

दिसतं, नाही असं नाही. पण ३१२ ला प्लेटमधल्या पेशींचा डीएनए खराब होतो. त्याच कॉलनीतून पुढे कल्चर घ्यायचं असेल तर नुकसान. शिवाय पॉलिस्टायरिनचं झाकण हा अतिनील बराचसा अडवतं, म्हणजे झाकण काढावं लागतं आणि वीस मुलं उघड्या अतिनील दिव्यावर वाकतात. संपूर्ण चेहरा झाकणारी ढाल आणि हातमोजे असल्याशिवाय हे करू नये. निळा एलईडी स्वस्त आहे आणि त्यात ही कटकट नाही.

अजिंक्यतारा

+१. आता तापमान. ३७ अंश आणि १ मिलिमोलर आयपीटीजी म्हणजे टी७ पॉलिमरेज (जनुकाची आरएनए प्रत काढणारं एन्झाइम) पूर्ण जोरात. साखळ्या इतक्या वेगाने निघतात की घडी पडायच्या आत एकमेकींना चिकटतात आणि इन्क्लूजन बॉडी (न विरघळणारे गोळे) होतात. त्यात क्रोमोफोर बनत नाही, कारण बॅरलच नाही. पेशी फोडून १०,००० जी ला २० मिनिटं फिरवा आणि वरचा द्रव व गाळ दोन्ही जेलवर चालवा. जाड पट्टा गाळात असेल तर हेच घडलंय.

उपाय: ओडी ०.६ ला फ्लास्क दहा मिनिटं थंड पाण्यात, मग आयपीटीजी ०.१ ते ०.२ मिलिमोलर, आणि २० ते २५ अंशांवर रात्रभर. थंड शेकर नसेल तर हे प्रात्यक्षिक डिसेंबर-जानेवारीत घ्या, साताऱ्या-सांगलीची थंडी फुकट मिळते. वेळापत्रक हलत नसेल तर प्लाझ्मिड बदला आणि सुपरफोल्डर जीएफपी घ्या. २००६ चा हा प्रकार ३७ अंशांनाही नीट घडी घेतो. माझ्या मते पदव्युत्तर प्रात्यक्षिकासाठी साध्या ईजीएफपीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

एक प्रश्न मुलं विचारतीलच: क्रोमोफोर एवढासा आहे, तर उरलेली दोनशेहून जास्त अमिनो आम्लं कशाला? उत्तर असं की तोच क्रोमोफोर प्रयोगशाळेत वेगळा बनवून पाण्यात विरघळवला तर चमकत नाही, क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती परत चमकून बाहेर येतात ते प्रमाण) हजारात एकाहूनही कमी. ईजीएफपीत तो ०.६०. मोकळ्या क्रोमोफोरमध्ये दोन कड्यांच्या मधला बंध फिरतो आणि शोषलेली ऊर्जा त्या हालचालीत उष्णता होऊन जाते. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला गोठवला की हालचाल थांबते आणि तोच मोकळा क्रोमोफोर चमकू लागतो. बॅरल हेच काम खोलीच्या तापमानाला करतं: कडी जागच्या जागी आवळून धरतं आणि बाहेरचं पाणी, ऑक्सिजन यांना आत मोकळं फिरू देत नाही.

प्रात्यक्षिक: एका नळीत शुद्ध जीएफपी, दुसरीत हळदीचा अर्क. दोन्ही ९५ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं. जीएफपी विझतं, कारण बॅरल उलगडलं. हळद चमकतच राहते, कारण तिथे उलगडायला काही नाही. (स्पिरिट पेट घेतं. उघडी ज्योत नको, वॉटरबाथ वापरा, नळीचं तोंड सैल ठेवा.) सुपरफोल्डर असेल तर थंड झाल्यावर काही चमक परत येते. क्रोमोफोर एकदा बनला की उलगडल्यावरही शाबूत असतो, त्याला पुन्हा घर मिळालं की झालं.

उसाचा_डोळा

वाचतोय. आमच्याकडे ऊस ऊतिसंवर्धनात कॅलसवर (माध्यमावर वाढवलेला पेशींचा गोळा) जीएफपी बघतात, तिथली एक भर. निसर्गातला जीएफपीचा क्रम वनस्पतीत जसाच्या तसा घालू नये. अॅराबिडॉप्सिस या प्रायोगिक वनस्पतीत असं दिसलं की वनस्पतीची पेशी त्या आरएनएतला ८४ न्यूक्लिओटाइडचा तुकडा इंट्रॉन (आरएनएतला काढून टाकायचा भाग) समजून कापून टाकते आणि प्रथिन निकामी होतं. म्हणून तो भाग बदललेले प्रकार वापरतात.

दुसरं, पानात क्लोरोफिल निळ्या प्रकाशात ६८० च्या आसपास लाल चमकतं, आणि पेशीभित्तिकेतली लिग्निन, फिनॉल मंडळी निळी-हिरवी. नुसता "५०० च्या पुढचं सगळं" सोडणारा फिल्टर लावला तर हे सगळं आत येतं. ५०० ते ५३० पुरताच पट्टा सोडणारा फिल्टर घ्या, आणि जनुक न घातलेलं कॅलस त्याच एक्स्पोजरला शेजारी ठेवा. तपकिरी पडलेलं जुनं कॅलस स्वतःच पिवळं-हिरवं चमकतं, त्याला पॉझिटिव्ह समजून पुढे वाढवत बसणारे बरेच असतात.

कृष्णाकाठ

उपयुक्त. सुपरफोल्डर मागवतो. आता पुढचं: सोनिकेटर नाही. टॅगवरून प्रथिन पकडणारा निकेल कॉलम आहे. पेशी कशा फोडू? आणि शेवटी सांद्रता मोजायला यूव्ही-व्हिजिबल आहे, पण २८० चा आकडा दर बॅचला वेगळा येतो.

मिरज_जंक्शन

५० मिली कल्चरच्या पेलेटला ३ मिली बफर: ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ८.०, सोडियम क्लोराइड ३००, इमिडाझोल १०. लायसोझाइम १ मिग्रॅ प्रति मिली, बर्फावर अर्धा तास. मग उणे २० वर पूर्ण गोठवून ३७ च्या पाण्यात वितळवायचं, असं तीनदा. द्रव तार धरायला लागला की डीएनए सुटला. डीएनेज थोडं आणि मॅग्नेशियम ५ मिलिमोलर घाला, नाहीतर कॉलम तुंबतो. १०,००० जी, २० मिनिटं, ४ अंश.

निकेलच्या कॉलमवर दोन गोष्टी वर्ज्य. ईडीटीए निकेल ओढून नेतं, रेझिन पांढरं पडतं. डीटीटी जास्त झालं तर रेझिन तपकिरी होतं. १ मिली रेझिन पुरे. धुवायला २० मिलिमोलर इमिडाझोल दहा मिली, काढायला २५० मिलिमोलर, अर्ध्या अर्ध्या मिलीचे अंश. जीएफपीची मजा ही की निळा दिवा धरला की हिरवं कडं कॉलममधून खाली सरकताना दिसतं, कुठला अंश घ्यायचा ते विचारावं लागत नाही. धुण्याच्या पाण्यातच हिरवं यायला लागलं तर बफरमध्ये ईडीटीए शिरलंय, इमिडाझोल जास्त झालंय किंवा रेझिन भरून वाहतंय.

टॅग नसलेलं प्रथिन असेल तर जुना मार्ग: अमोनियम सल्फेट २ मोलर करून जलविरोधी रेझिनवर चढवायचं आणि कमी क्षाराच्या बफरने उतरवायचं. बॅरलच्या बाहेरच्या बाजूला काही जलविरोधी भाग आहेत, जास्त क्षारात ते रेझिनला धरतात.

अजिंक्यतारा

२८० वर विसंबू नका, तिथे इतर प्रथिनं आणि इमिडाझोलही शोषतात. बॅच बदलली की आकडा बदलणारच. क्रोमोफोरच्या शिखरावर मोजा. ईजीएफपीचा मोलर शोषणांक ४८८ ला सुमारे ५६,०००. म्हणजे एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.५६ आलं तर १० मायक्रोमोलर, सुमारे ०.२७ मिग्रॅ प्रति मिली. सुपरफोल्डरचा आकडा वेगळा आहे, प्लाझ्मिडच्या पत्रकात बघा.

कुठला प्रकार आहे याची खात्री नसेल तर अल्कलीची युक्ती. नमुना ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घ्या. बॅरल उलगडतं, हिरवं जाऊन द्रव पिवळा होतो, आणि उघड्या पडलेल्या क्रोमोफोरचं शिखर ४४७ ला येतं, शोषणांक ४४,०००. हे सेरिन किंवा थ्रिओनिन, टायरोसिन, ग्लायसिन असा क्रोमोफोर असलेल्या सगळ्या प्रकारांना लागू. यातून पिकलेल्या क्रोमोफोरचीच सांद्रता मिळते. ब्रॅडफर्डने (रंग वापरून प्रथिन मोजायची चाचणी) एकूण प्रथिन काढा, दोन्हींचा भागाकार केला की किती टक्के पिकलं ते कळतं. मुलांना या एका आकड्यात सगळा धागा समजेल.

कारवी

उशिरा आले. समुद्राची बाजू कुणीच घेतली नाही, म्हणून थोडं.

एक्वोरिया व्हिक्टोरिया ही जेलीफिश, ठिकाण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं फ्रायडे हार्बर. ओसामू शिमोमुरा यांनी १९६१ च्या उन्हाळ्यात तिथे सुमारे १०,००० जेलीफिशच्या कडा कापून एक्वोरिन वेगळं केलं. एक्वोरिन कॅल्शियम मिळालं की निळं चमकतं, ४६९ नॅनोमीटरला. जिवंत जेलीफिश मात्र हिरवी दिसते. फरक जीएफपीचा: एक्वोरिनची ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडण्याआधीच शेजारच्या जीएफपीकडे जाते आणि ५०८ ला हिरवी बाहेर येते. म्हणजे मूळ प्राण्यात त्याला कुणी टॉर्च मारत नव्हतं. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना विभागून मिळालं. प्रॅशर तेव्हा अमेरिकेत मोटारींच्या दुकानात गाडी चालवायचं काम करत होते. यावर वेगळा धागा होईल, इथे अवांतर नको.

प्रवाळांची गोष्ट वेगळी. ते स्वतः प्रकाश निर्माण करत नाहीत, पण त्यांच्या ऊतीत ही प्रथिनं भरपूर असतात. उथळ पाण्यात तीव्र ऊन पडतं तिथे ती सहजीवी शैवालांवर येणारा जादा प्रकाश अडवतात. काही रंगप्रथिनं तर चमकतही नाहीत, नुसती शोषतात, तरी बॅरल तेच. खोल पाण्यात जवळजवळ फक्त निळा प्रकाश पोचतो. तिथे काही प्रवाळ तो शोषून नारिंगी-लाल करून सोडतात, आणि तो ऊतीत अधिक आतपर्यंत शिरून शैवालांना मिळतो. एकाच साच्याचे दोन उलटे उपयोग.

मालवणला पोहायला जाणाऱ्यांसाठी: रात्री निळा दिवा आणि मास्कवर पिवळा फिल्टर, एवढ्यावर प्रवाळांची प्रतिदीप्ती दिसू शकते. तुकडा तोडून आणायचा विचारही नको. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडाही त्यात आला.

उसाचा_डोळा

मग लाल प्रथिन? एमचेरी जेलवर चालवलं की एकाऐवजी तीन पट्टे येतात: २८, १९ आणि ९ च्या आसपास. प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) रोखणारं इनहिबिटर दुप्पट केलं तरी तेच.

अजिंक्यतारा

इनहिबिटरचे पैसे वाचवा. हे प्रोटिएज नाही, क्रोमोफोर आहे.

लाल प्रथिनांचं मूळ डीएसरेड, डिस्कोसोमा या प्रवाळांच्या नातलग प्राण्यातलं, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ६६, ६७, ६८ ला ग्लुटामिन, टायरोसिन, ग्लायसिन. जीएफपीसारखं कडं तर बनतंच, पण आणखी एकदा ऑक्सिडीकरण होऊन साखळीतच एक अॅसिलइमिन दुहेरी बंध तयार होतो. इलेक्ट्रॉनांना पसरायला जास्त जागा, म्हणून शोषण लाल बाजूला सरकतं: डीएसरेड ५५८ ला शोषतं, ५८३ ला सोडतं. एमचेरीत ६६ ला मेथिओनिन आहे, ५८७ आणि ६१०.

तो अॅसिलइमिन बंध बॅरलमध्ये सुरक्षित असतो. एसडीएसमध्ये उकळला की पाण्याने तुटतो आणि साखळीचे दोन तुकडे होतात. म्हणून २८ चा पट्टा न पिकलेल्या किंवा न तुटलेल्या साखळीचा, १९ आणि ९ हे पिकलेल्याचे. लहान पट्टे ठळक म्हणजे प्रथिन चांगलं पिकलं. तोच नमुना न उकळता, खोलीच्या तापमानाला लोडिंग बफरमध्ये मिसळून चालवा: तुकडे दिसणार नाहीत, पट्टा जेलमध्येच गुलाबी दिसेल. जीएफपीचंही असंच, न उकळलेलं ते एसडीएसमध्ये तग धरतं आणि निळ्या दिव्याखाली जेलमध्ये चमकतं. फक्त ते घट्ट घडीत असल्याने मार्करच्या हिशोबापेक्षा थोडं पुढे पळतं, त्या पट्ट्यावरून वजन काढू नका.

डीएसरेड मूळ रूपात वापरू नका. चार बॅरल एकत्र चिकटतात, ज्याला जोडाल त्याचाही गोळा करतात, आणि पूर्ण लाल व्हायला दोन दिवस लागतात. मध्ये हिरवा टप्पा असतो, तो बघून लोक दूषित कल्चर समजून फेकतात. २००२ मध्ये ३३ बदल करून एकेरी एमआरएफपी१ केलं, २००४ मध्ये त्यातून एमचेरी. एमचेरीच्या कॉलनी साध्या उजेडातही गुलाबी दिसतात. निळ्या एलईडीखाली मात्र फार काही दिसणार नाही, हिरवा एलईडी आणि लाल फिल्टर लागतो.

कारवी

केडेचंही यातच सांगा ना. ट्रॅकिफिलिया प्रवाळातलं प्रथिन, २००२. हिरवं असतं, जांभळा-अतिनील प्रकाश दिला की कायमचं लाल होतं. तिथे क्रोमोफोर हिस्टिडिन, टायरोसिन, ग्लायसिन. प्रकाशाने हिस्टिडिनपाशी साखळीच तुटते आणि दुहेरी बंध वाढतात. बॅरल तुटलेल्या साखळीलाही धरून ठेवतं. प्रयोगात अडचण अशी की खिडकीचा उजेड किंवा मायक्रोस्कोपचा ४०५ चा दिवा चुकून लागला तरी थोडं लाल होतं. कल्चरला फॉइल गुंडाळा, आणि मोजणीआधी लाल चॅनेलची पार्श्वभूमी नोंदवा.

मिरज_जंक्शन

मिरजेत बिलिरुबिनच्या (काविळीत वाढणारं पिवळं रंगद्रव्य) तपासण्या रोजच्या, म्हणून एक भर. सगळी चमकणारी प्रथिनं जीएफपीच्या साच्याची नसतात. जपानी ईल माशाच्या स्नायूत युनॅजी नावाचं १३९ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. ते स्वतःचा क्रोमोफोर बनवत नाही. असंयुग्मित बिलिरुबिन पकडतं आणि मग ४९८ ला शोषून ५२७ ला चमकतं. एकटं बिलिरुबिन पाण्यात जवळजवळ चमकत नाही. कडी आवळून धरली की चमक, हा वरचाच नियम. ऑक्सिजन लागत नाही, त्यामुळे विनाऑक्सिजन वाढणाऱ्या जिवाणूंत चालतं, फक्त माध्यमात बिलिरुबिन घालावं लागतं. ते उजेडात खराब होतं, नळ्या अंधारात ठेवा.

मायक्रोस्कोपसाठी पेशी फिक्स (रसायनाने आहे तशा स्थिर) करणाऱ्यांसाठीही: ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड १५ मिनिटं, पीएच ७.४, जीएफपी टिकतं. मेथॅनॉल किंवा अॅसिटोनने फिक्स केलं की गेलं. बाटलीतल्या बाजारी फॉर्मॅलिनमध्ये मेथॅनॉल असतं आणि ते आम्लीही असतं, पावडरपासून ताजं करा. स्लाइड नेलपॉलिशने बंद करता तेव्हा तेही कडेने आत झिरपतं आणि किनारीच्या पेशी विझतात.

कृष्णाकाठ

पीएचचं कुणीतरी म्हणा. एका गटाने अॅसिटेट बफर वापरला आणि हिरवं गेलं.

अजिंक्यतारा

ईजीएफपीचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो) ६.० च्या आसपास. पीएच ५ ला टायरोसिनवर प्रोटॉन परत बसतो, ४८८ ला शोषणच उरत नाही. ट्रिस घालून ८ वर आणा, काही सेकंदांत परत येतं. परत आलं नाही तर प्रथिन विकृत झालं. याचं प्रात्यक्षिकच करा: पीएच ५, ६, ७, ८ च्या चार नळ्या, प्रत्येकीत सारखंच प्रथिन. पिवळी वायएफपी, ज्यात २०३ ला थ्रिओनिनच्या जागी टायरोसिन येऊन क्रोमोफोरवर थर लावतं, ती पीएचला याहून हळवी आहे, आणि तिचे सुरुवातीचे प्रकार क्लोराइडनेही मंदावतात. एमचेरीचा पीकेए ४.५ च्या खाली, आम्लात तीच घ्यावी.

तासगावी_बेदाणा

प्लेटवरचं राहिलं. पीबॅड प्रवर्तक (अॅराबिनोज साखरेने चालू होणारी जनुकाची कळ) असलेलं प्लाझ्मिड कुणी वापरत असेल तर अॅराबिनोज एल- पाहिजे. डी-अॅराबिनोजची बाटली दिसायला सारखीच असते, पण प्रवर्तक उघडत नाही. प्रमाण ०.२ टक्के, गाळून निर्जंतुक केलेलं, अगार ५० अंशांपर्यंत उतरल्यावर घालायचं. माध्यमात ग्लुकोज असेल तर प्रवर्तक दबलेलाच राहतो. अँपिसिलिनच्या प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवती बारीक न चमकणाऱ्या कॉलनी आल्या तर त्या उपग्रह कॉलनी, प्लाझ्मिड नसलेल्या. प्लेट २० तासांच्या आत बाहेर काढा.

कारवी

आणि हे जनुकबदल केलेले जिवाणू आहेत. कॉलेजच्या जैवसुरक्षा समितीकडे प्रात्यक्षिकाची नोंद आधी करा, १९८९ च्या नियमांखाली ते येतं. प्लेट, टिप, उरलेलं कल्चर, कॉलममधून वाहून गेलेला द्रव, सगळं १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह, मगच टाकायचं. निकेलचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, बेसिनमध्ये नाही. ऑटोक्लेव्हनंतर प्लेटवर निळा दिवा मारून बघता येतो, पण चमक गेली याचा अर्थ पेशी मेल्या असा नाही. इंडिकेटर टेप आणि बीजाणूंची पट्टी ठेवावीच लागते.

कृष्णाकाठ

नोंद आहे समितीकडे. ५० मिली, सैल फॉइल, ०.२ आयपीटीजी, निळा एलईडी, न उकळलेला नमुना शेजारच्या विहिरीत. सुपरफोल्डर येईपर्यंत ईजीएफपीवरच क्लोरॅम्फेनिकॉलची चाचणी लावतो आणि ४४७ चे आकडे इथेच टाकतो.